एकाच धन्याची

९ फेब्रुवारी

आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "प्रार्थना होत नसेल तर लिहून काढा. रोजचं रोज, न खोडता. देव वाचेल." मी म्हणालो, माझं अक्षर दगडावर बरं येतं, कागदावर कोंबडीचे पाय. ते म्हणाले, देवाची नजर चांगली आहे. त्यांना बोलण्यात कोण हरवणार? म्हणून ही दैनंदिनी.

तर देवा, ही गेली त्याला तिसरं वर्ष चालू आहे. ही म्हणजे माझी बायको. तुला सांगायची गरज नाही, पण धंद्याची सवय. नातं लिहिल्याशिवाय दगड पुरा होत नाही. तेव्हापासून मी प्रार्थनेला बसतो, डोळे मिटतो आणि पुढे काही नसतं. रडू नाही, राग नाही. जेवण जातं, झोप लागते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मी ठणठणीत आहे. मलाही तसंच वाटतं, म्हणजे काहीच वाटत नाही.

आज दोन नावं आणि एक ओटा. आमच्या कारखान्यात थडग्याच्या दगडाला ‘नाव’ म्हणतात. नावाला वेळ लागतो आणि त्यात सुटत काही नाही. स्वयंपाकघराचा ओटा पटकन होतो आणि त्यात बरं सुटतं.

११ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती लांब असते, वर्षातून एकदा येते. "बाबा, आईचा दगड झाला का?" म्हटलं, करायचाय. "अख्ख्या शहराचे दगड तुम्ही करता." म्हटलं, शहराला घाई असते, आईला कुठे घाई आहे? मला वाटलं हसेल. तिने फोन ठेवला.

खरं कारण तिला सांगितलं नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी हिने मला सांगून ठेवलं होतं, "दगडावर माझं नाव आणि खाली दोनच शब्द. एकाच धन्याची. बाकी तारखा-बिरखा नकोत." मी मान डोलावली आणि मनातल्या मनात सुखावलो. माझी आई बाबांना धनी म्हणायची, त्यावरून ही मला जन्मभर चिडवत आली. मी कारखान्यातून धुळीने पांढराफटक होऊन आलो की म्हणायची, "धनी आले, आधी भुताला आंघोळीला पाठवा." आता हा शब्द चारचौघांत कोरायचा म्हणजे लोक म्हणणार, म्हाताऱ्याने बायकोच्या उशाशी स्वतःचीच पाटी लावली. लाज वाटते, म्हणून लांबणीवर पडलंय. दगड मात्र केव्हाच बाजूला काढून भिंतीला लावून ठेवलाय. काळा ग्रॅनाइट, एकही शीर नाही त्यात. असा दगड हाताला सहसा लागत नाही.

२० फेब्रुवारी

हॉटेलचं काम मिळालं. नवी इमारत, सगळ्या मजल्यांची फरशी, जिने, आणि खाली स्वागताचा लांबलचक काउंटर. मालक तरुण आहे, हात मिळवतानाही फोन कानाला. चष्मा म्हणाला, "मालक, दिवस फिरले आपले." चष्मा म्हणजे माझा पॉलिशवाला. दिवसभर धुळीत असतो आणि दिवसभर चष्मा पुसतो, कामही करतो मधूनमधून.

घरी येऊन आभार मानायला बसलो. तुझं नाव घेतलं आणि डोक्यात काउंटरची मापं सुरू झाली. पण एक गोष्ट मनात आली ती लिहितो. मला वाटत होतं, तू माझ्याशी बोलायचं बंद केलंस. तू तर कामं पाठवतोयस.

१ मार्च, रविवार

उपासनेला गेलो नाही. हॉटेलवाल्याला मापं आजच हवी होती. तू समजून घेतोस, तो घेत नाही.

१२ मार्च

दफनभूमीचे राखणदार कारखान्यात आले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो, वयाने मी मोठा असलो तरी. चहा संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि कप ठेवताना म्हणाले, "भाऊ, वहिनींची जागा अजून कच्ची आहे. तीन वर्षं भरत आली."

ठाऊक आहे म्हटलं. नियम आमच्याच चर्च कमिटीचा: तीन वर्षांत दगड बसला नाही तर जागा मोकळी धरायची आणि दुसऱ्याला द्यायची. मीच मांडला होता. जमीन काही वाढत नाही, आणि माणसं मरायची थांबत नाहीत. त्या वर्षी नावांची कामंही बरी आली होती.

"मी आहे तोवर कोणी हात लावणार नाही," मामा म्हणाले. "पण उरकून घ्या एकदाचं."

म्हटलं, मामा, सगळ्यांचे दगड मीच बसवतो. माझ्याच बायकोची जागा कोण घेतंय? दोघेही हसलो.

१५ मार्च, रविवार

उपासनेनंतर दफनभूमीत जाऊन आलो. हिची जागा कुंपणालगत, नळाच्या उजवीकडे. लाकडी क्रूस वाळवी लागून कलला होता. माप घेतलं आणि क्रूस उपटून गाडीत टाकला. आठवड्याभरात दगड बसणारच आहे, मग ते कलतं लाकूड कशाला? लोक बघतात आणि माझ्या धंद्याची शोभा होते.

थोडा वेळ तिथे उभा राहिलो. काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहिली. नळ गळत होता, तो घट्ट बंद करून आलो.

२२ मार्च, रविवार

आज पाळकांचा उपदेश देव आणि पैसा यावर होता. माझं लक्ष निम्मंच. हॉटेलच्या पायऱ्यांच्या कडा गोल कराव्यात की सरळ ठेवाव्यात, हे चाललं होतं मनात. मध्येच एक शब्द कानावर पडला: धनी. माणसाचा धनी एकच असू शकतो, पाळक सांगत होते; दोघांची चाकरी करायला गेलं की चाकरी एकाची होते आणि दुसऱ्याला रविवारचा नुसता नमस्कार.

आधी मला हिचं चिडवणं आठवलं आणि हसू आलं. मग हसू राहिलं बाजूला. ही खिडकीजवळच्या बाकावर बसायची, असले उपदेश ऐकताना पापणी हलवायची नाही. तो शब्द तिने इथूनच उचलला असणार. एकाच धन्याची. म्हणजे तुझी. माझी नव्हे.

बाहेर पडताना पाळकांना विचारलं, हिने तुम्हाला दगडाबद्दल काही सांगितलं होतं का? "हो तर," ते म्हणाले. "फार छान शब्द निवडले त्यांनी. म्हणाल्या, यांना आज नाही कळणार, पण कोरताना कळतील." म्हटलं, कळले.

संध्याकाळभर डोकं तापलं होतं. इतक्या दिवसांनी काहीतरी वाटलं, तर तो राग, आणि तोही मेलेल्या बायकोचा. मी तिला काय कमी केलं? दगडाची धूळ खाल्ली ती कोणासाठी? आणि शेवटी तिच्या दगडावर मला जागा नाही. बरं आहे. मग तिच्या धन्यालाच करू दे दगड.

हे खोडायला हवं. पण खोडायचं नाही असं ठरलंय.

२७ मार्च

हॉटेलच्या काउंटरला एक तुकडा कमी पडला. तसला बिनशिरेचा काळा माल बाजारात कुठेच नाही, आणि खाणीतून नवीन यायला वेळ आहे. हॉटेलवाला फोनवर म्हणाला, "उद्घाटन ठरलंय. जमत नसेल तर आत्ताच सांगा, वरच्या मजल्यांचं काम मी दुसऱ्याला देतो."

चष्म्याने भिंतीकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

"तोच घे," मी म्हटलं.

"मालक, तो बाईंचा आहे."

"नवा माल येतोय. त्यातून याहून चांगला काढू."

त्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, मग यंत्र सुरू केलं. काउंटर असा जुळला की हॉटेलवाल्याला म्हटलं, सांधा शोधून दाखवा. त्याने बोट फिरवून पाहिलं, सापडला नाही. खूश झाला आणि वरचे मजलेही आम्हालाच दिले.

वाईट वाटायला हवं होतं. थांबून पाहिलं. नाही वाटलं.

१९ एप्रिल, रविवार

आज चर्चमध्ये साक्ष दिली. चर्चच्या पायऱ्या मी माझ्या खर्चाने ग्रॅनाइटच्या करून दिल्या, म्हणून कमिटीने चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी म्हणालो, देवाने दुःखाच्या काळात एक दार उघडलं, कामामागून काम दिलं, मी फक्त आत शिरलो. लोक आमेन म्हणाले. दोघातिघांनी हात हातात घेतला. एका बाईने डोळे पुसले. माझ्या बोलण्यात रडण्यासारखं काय होतं, ते मला समजलं नाही.

खालच्या पायरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव कोरलंय, अगदी लहान अक्षरात, आणि फोन नंबर. पाळकांनी वाकून वाचलं. "पायऱ्या उत्तम झाल्यात," म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि त्यांचा दगड?"

म्हटलं, माल वाटेत आहे. माल तसा परवाच आला. तो हॉटेलच्या वरच्या मजल्यांना लागला.

६ मे

मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फळं घेऊन गेलो. पलंगावर पडल्या पडल्याही दफनभूमीचीच काळजी. म्हणाले, "बदली माणूस दिलाय कमिटीने. पोटतिडकीने काम करतो, पण नवा आहे. त्याला सगळं फिरून दाखवलं, वहिनींकडे जायचं तेवढं राहिलं, गुडघाच चालेना. क्रूस आहे ना तिथे?"

"आहे," म्हणून गेलो. आहेच तो, कारखान्यात पत्र्यांच्या मागे. सांगणार होतो, तेवढ्यात फोन आला. बाहेर जाऊन बोललो आणि तसाच निघालो.

१४ जून, रविवार

नवी गाडी आली. आवाज म्हणून नाही. कारखान्यापर्यंत गेलो आणि आलो. शेजारची सीट अजून प्लॅस्टिकमध्येच आहे, काढावंसं वाटलं नाही.

लेकीशी फोनवर वाजलं. म्हणाली, "तुमच्याने होत नसेल तर मी दुसऱ्याकडून करून घेते." म्हटलं, या शहरात दुसरा आहे कोण? आणि असला तरी माझ्या बायकोचा दगड दुसरा करणार? लोक तोंडात शेण घालतील. म्हणाली, "बाबा, लोकांचं सोडा. तुम्हाला तो करायचाच नाहीये का?" मी म्हटलं, झालाच समज. हे म्हणताना मला ते खरंच वाटत होतं.

२ जुलै

आज तीन वर्षं झाली. लेकीचा सकाळीच मेसेज आला म्हणून कळलं. संध्याकाळी जाणार होतो, पण लाद्यांचा ट्रक आला आणि उतरवून घ्यायला मीच लागतो. लेक पुढच्या महिन्यात येणार आहे. त्याआधी करून टाकू.

पाळक भेटले, विचारत होते, लिहिताय ना? म्हटलं, लिहितोय. "देव काही म्हणतोय का?" म्हटलं, भरपूर काम आहे.

२१ जुलै

दुपारी एक भाऊ-बहीण आले. आई गेली, दगड करायचाय. बहीण म्हणाली, "नाव नसलं की आई हरवल्यासारखी वाटते, म्हणून लवकर हवा." मी नेहमीसारखी पेन्सिल घेतली. नाव काय, शब्द काय. "आमची आई, एवढंच," भाऊ म्हणाला. साधी माणसं. मी जागा विचारली.

"कुंपणालगत. नळाच्या उजवीकडे."

मी म्हटलं, डावीकडे असेल.

"नाही हो, उजवीकडेच. त्या बाजूला तेवढीच जागा मोकळी होती."

मी माप लिहून घेतलं. आगाऊ रक्कम नको म्हटलं. ते दोघे गेल्यावर चष्मा जवळ आला. त्याने सगळं ऐकलं होतं. चष्मा पुसत उभा राहिला. मी त्याला म्हटलं, पाणी सोड, कटर तापलाय.

२२ जुलै

सकाळी जाऊन पाहिलं. ताजी माती, वर सुकलेली फुलं. नळ गळत होता.

बदली माणूस धावत आला. मी कमिटीचा, म्हणून घाबरला असावा. "इथे काहीच नव्हतं साहेब. दगड नाही, क्रूस नाही. तरी मी विचारून घेतलं. सेक्रेटरी म्हणाले, तीन वर्षं उलटलेली बिनदगडाची जागा असेल तर दे." मी म्हटलं, बरोबर आहे, नियम आहे. मग विचारलं, खणताना खाली काही लागलं का?

"लागतंच थोडंफार," तो म्हणाला. "सगळीकडेच लागतं."

पाळकांकडे गेलो. त्यांनी ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, त्या मुलांशी मी बोलतो, दोन नावं एका दगडावर घालता येतील. मी नको म्हटलं. काय सांगणार त्यांना? की मी लोकांची नावं कोरतो आणि माझ्या बायकोचं राहून गेलं? पाळकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, बरीच लांब. मी खाली फरशी बघत होतो. ती बदलायला झाली आहे.

३० जुलै

त्या भाऊ-बहिणीच्या आईचा दगड मी स्वतः केला, चष्म्याला हात लावू दिला नाही. गेल्या कित्येक महिन्यांत मी छिन्नी धरली नव्हती, सगळं यंत्रावर चाललंय. पहिली ओळ वाकडी जाईल असं वाटलं, पण हात विसरला नव्हता. हॉटेलवाल्याचे फोन येत होते, ते चष्मा घेत होता.

आज बसवून आलो. त्यांचा मुलगा मदतीला होता. मी गुडघ्यांवर बसून पातळी बघत होतो आणि दोन्ही तळवे त्या मातीवर टेकले होते. बराच वेळ उचलले नाहीत. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला उठवत नाही. त्याने काखेत हात घालून उठवलं.

"तुमचं कोणी आहे का इथे?" त्याने विचारलं.

"बायको."

"कुठे?"

"इथेच," मी म्हटलं.

त्याने आजूबाजूच्या दगडांकडे पाहिलं आणि मान हलवली. पैसे देऊ लागला. नको म्हटलं तर त्याला राग आला, म्हणून घेतले.

८ ऑगस्ट

लेक आली. फोनवर सांगायचं ठरवलं होतं, रोज ठरवत होतो. स्टेशनवर गाडीत बसताना म्हणाली, "आधी आईकडे जाऊ." नव्या गाडीबद्दल एक शब्द बोलली नाही, सीटवरचं प्लॅस्टिक मात्र ओढून काढलं. वाटेत फुलं घेतली.

नळापाशी वळल्यावर तिला लांबूनच दगड दिसला. मी तिच्याकडे बघत होतो. ती हसली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "केलात की हो बाबा." मग जवळ गेलो आणि तिने नाव वाचलं.

"हा कोणाचा?"

मी सांगितलं. क्रूस उपटला तिथपासून. दगड कुठे गेला, का गेला, मामा, बदली माणूस, ते भाऊ-बहीण, सगळं ओळीने. दोन शब्द कोणते होते, तेही सांगितलं, आणि त्यांचा मला कसा राग आला ते. माझा आवाज कुठे हलला नाही. गिऱ्हाइकाला भाव सांगतो, तसाच होता.

"आणि आई?"

"खाली आहे. दोघी आहेत."

ती रडली नाही. तिने फुलं दगडावर ठेवली, मग उचलून दगडाच्या पायाशी मातीवर ठेवली. खाली बसूनच म्हणाली, "आता तुम्ही प्रार्थना करा, बाबा. मोठ्याने. मी ऐकते."

मी डोळे मिटले. "देवा," म्हटलं. पुढचा शब्द सापडत नव्हता, पण या वेळी मी खरोखर शोधत होतो. आत कुठेतरी दुखत होतं, आणि दुखतंय हे मला कळत होतं. "देवा, ही," म्हटलं, आणि खिशातला फोन वाजला. हॉटेलवाल्याने दुसऱ्या शहरात जागा घेतली आहे, सकाळपासून त्याचा फोन यायचा होता.

"बोला साहेब," असं म्हणून झालं, तेव्हा माझे डोळे उघडले. फोन कानाला होता. तो कधी लावला, मला आठवत नाही. लेक माझ्याकडे बघत होती. मग ती उठली, गुडघ्यांची माती झटकली आणि फाटकाकडे चालू लागली. पलीकडून तो मजले सांगत होता आणि मी हो, हो म्हणत होतो.